डोळ्यातील पाण्याला नवी वाट

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे जोडीने कानावर येतात. त्यामुळे ते एकाच दुखण्याचे दोन प्रकार असावेत असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग गढूळ होते. ते काढून कृत्रिम भिंग बसवले की माणूस पुन्हा पाहू लागतो. काचबिंदूत मात्र दृष्टिपटलाकडून मेंदूकडे संदेश नेणारे दृष्टिचेतेचे तंतूच मरतात, आणि मेलेला तंतू जिवंत करणारे औषध किंवा शस्त्रक्रिया आजही नाही. शिवाय बहुतेकांना दुखत-खुपत काहीच नसते. नजर कडेकडेने जात राहते, समोरचे अक्षर वाचता येते, आणि रोग्याला शंका येते तेव्हा पुष्कळसे हातचे गेलेले असते.

यात भौतिकशास्त्र कोठे आले? ते येते डोळ्यातील पाण्याच्या दाबात. हे पाणी म्हणजे अश्रू नव्हेत. बुबुळाच्या मागच्या बाजूस एक पारदर्शक द्रव सतत तयार होतो. त्याला नेत्रजल म्हणतात. मिनिटाला साधारण २.५ मायक्रोलिटर, म्हणजे सुमारे वीस मिनिटांत एक थेंब! ते बाहुलीतून पुढे येते आणि पारपटल व बुबुळ जेथे मिळतात त्या कोपऱ्यातील बारीक जाळीतून झिरपून रक्तात जाते.

आमच्या राजारामपुरीतल्या कोणत्याही घराच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. वरून नळाची धार चालू आहे आणि तळाशी एक भोक आहे. जितके पाणी येते तितकेच जाऊ लागेपर्यंत पातळी वाढेल आणि मग स्थिरावेल. आता भोकात कचरा अडकला, तर पातळी आणखी वर जाऊन पुन्हा स्थिरावेल. डोळ्यातील दाब असाच ठरतो. निरोगी डोळ्यात तो साधारणतः १० ते २१ मि.मी. पारा इतका असतो. जाळीचा रोध वाढला की दाब चढतो आणि दृष्टिचेतेला इजा होते. (दाब नेहमीच्या मर्यादेत असूनही काचबिंदू होतो. तरीही उपचाराने खात्रीने बदलता येते अशी गोष्ट एकच, ती म्हणजे दाब.) डोळे खाजतात म्हणून कोणी दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून महिनोन्‌महिने घालत असेल, तर त्यानेही ही जाळी तुंबू शकते. मुलांमध्ये हे घडते, म्हणून मुद्दाम सांगतो.

पहिला उपाय म्हणजे दाब कमी करणारे थेंब, किंवा लेसर. ते पुरले नाहीत तर शस्त्रक्रिया. १९६८ साली इंग्लंडमध्ये केर्न्स यांनी वर्णन केलेल्या शस्त्रक्रियेत डोळ्याच्या पांढऱ्या भागात झाकण ठेवलेली एक वाट करतात. पण शरीराला जखम म्हटली की ती बुजवायचे एवढेच कळते! काही डोळ्यांत ही वाट पुनःपुन्हा बुजते. मग त्या वाटेत काहीतरी ठेवावे, ही कल्पना जुनी आहे. १९१२ साली झोरॅब यांनी रेशमाचा धागा ठेवून पाहिला होता. अशा धाग्यांचा फार काळ टिकेल असा उपयोग झाला नाही. खरी दिशा दाखवली ती मोल्टेनो यांनी. १९६९ मध्ये त्यांनी नळीला एक प्लॅस्टिकची चकती जोडली. पुढे नळी लांब करून चकती डोळ्याच्या मागच्या बाजूला, वरच्या पापुद्र्याखाली बसवली.

नळी तर समजली, पण चकती कशासाठी? येथे गणित करून पाहू. हल्लीच्या साधनांतील सिलिकोन नळीचे भोक सुमारे ०.३ मि.मी. व्यासाचे असते. लांबी १० मि.मी. धरा. नळीतून द्रव ढकलायला लागणारा दाब प्वाझय यांच्या नियमाने काढता येतो. प्वाझय हे मूळचे वैद्य, आणि रक्तवाहिन्यांचा विचार करताना ते या नियमाकडे वळले! नियम असा: लागणारा दाब हा द्रवाची श्यानता, नळीची लांबी आणि प्रवाह यांच्या सम प्रमाणात, तर त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. आकडे घातले की उत्तर येते सुमारे १.५ पास्कल. एक मि.मी. पारा म्हणजे १३३ पास्कल. म्हणजे डोळ्यात निदान १० मि.मी. दाब राहायला हवा असताना ही नळी त्याच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास रोध देते! नुसती नळी बसवली तर डोळा बसलेल्या फुग्यासारखा सैल पडेल, आणि दाब फार उतरणेही दृष्टीला घातकच.

मग भोकच बारीक का करू नये? १० मि.मी. दाब टिकवायला व्यास सुमारे ०.०५५ मि.मी. लागेल, केसाएवढा. इतक्या अरुंद नळ्याही करतात. पण चौथा घात येथे आडवा येतो. भोक दहा टक्क्यांनी अरुंद झाले की दाब दीडपट होतो, आणि रक्ताची बारीकशी गुठळीही ते बंद करू शकते.

या कोड्याचे उत्तर चकतीत आहे. परकी वस्तू दिसली की शरीर काही आठवड्यांत तिच्याभोवती तंतूंची पिशवी विणते. नळीतून आलेले पाणी या पिशवीत साठते आणि तिच्या भिंतीतून झिरपून आजूबाजूच्या केशवाहिन्यांत जाते. रोध नळीत नसून या पिशवीत असतो. ज्या व्रणाने आधीची शस्त्रक्रिया बुजवली, त्यालाच येथे कामाला लावले आहे. चकती मोठी तर झिरपायला जागा जास्त, आणि दाब कमी.

पण पिशवी तयार होईपर्यंतच्या आठवड्यांचे काय? एक उत्तर राधानगरी धरण पाहिलेल्यांना सहज कळेल. पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की तेथील सात स्वयंचलित दरवाजे कोणी हात न लावता उघडतात. अहमद यांच्या १९९३ पासून वापरात आलेल्या साधनात तसेच सिलिकोनच्या दोन पातळ पडद्यांचे दार असते. दाब ८ मि.मी.च्या आसपास पोहोचला की ते उघडते. दुसरे उत्तर फारच साधे आहे. नळी विरघळणाऱ्या धाग्याने आवळून बांधायची! पाच-सहा आठवड्यांत धागा विरघळतो आणि नळी उघडते. तोवर पिशवी झालेली असते. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी संलग्न ऑरोलॅबने २०१३ मध्ये आणलेले साधन याच प्रकारचे, ३५० चौ.मि.मी. चकतीचे, आणि परदेशी साधनांपेक्षा पुष्कळच स्वस्त आहे. मला स्वतःला दारापेक्षा हा धागाच अधिक चतुर वाटतो. मात्र धागा सुटेपर्यंत दाब थेंबांनी सांभाळावा लागतो, आणि मोठ्या चकतीमुळे कधी तो नको तितका उतरतो. उलट पिशवी जाड झाली की दाब पुन्हा चढतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत पाच वर्षांत जवळपास तीस टक्के डोळ्यांत नळी अपयशी ठरली होती. केर्न्स पद्धतीचे अपयश सुमारे सत्तेचाळीस टक्के होते.

हे सारे घरी पाहता येते. प्लॅस्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापा, तळाशी भोक पाडून शीतपेयाची नळी मेणाने बसवा. वरून सलाईनच्या न वापरलेल्या नळीने थेंबथेंब पाणी सोडा. पाणी नळीच्या वर फारसे चढणार नाही. आता नळीच्या टोकात दोन सें.मी. कापूस घट्ट भरा आणि पातळी स्थिरावली की पट्टीने मोजा. मग तितकाच कापूस भरलेली दुसरी नळी त्याच उंचीवर शेजारी बसवा. नळीपासून मोजलेली पाण्याची उंची निम्म्यावर येते का? येत नसेल, तर का?