कुळाचा शोध : आधी गावाचे नाव



देहू गावी संत तुकारामांच्या मूळ पुरुषाचे, विश्वंभरबोवांचे, नाव वारकरी सहज सांगतात. जवळच्याच देहूरोडची गोष्ट निराळी. ही वस्ती लष्करी कोठारांच्या आश्रयाने वाढली. दूरदूरच्या जिल्ह्यांतून माणसे रोजगारासाठी आली व येथलीच झाली. त्यांच्या नातवांस आजोबांचे गाव विचारावे, तर पुष्कळदा “नगरकडचे” इतकेच उत्तर मिळते. कुळाचा शोध करणाऱ्यास ते पुरत नाही. कारण आपल्या मुलखातील सरकारी दप्तर गावोगावचे निरनिराळे बांधलेले असते.

सन २०२३ मध्ये राज्य शासनाने कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमिली, तेव्हा हे पुष्कळांच्या ध्यानात आले. जन्ममृत्यूचा गाव नमुना १४, शाळांची जनरल रजिस्टरे, मोडीतील महसुली पत्रके अशी जुनी दप्तरे उघडली गेली, व अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर त्यांच्या प्रती ठेवण्यात आल्या. त्या तालुकावार व गाववार लाविल्या आहेत. ज्यास गाव ठाऊक नाही तो दारातच अडतो.

यास्तव मोबाइल हाती घेण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसावे. आजीस तारखा विचारून शिणवू नये. तिचे माहेर कोठले, बाजारास कोणत्या गावी जात, लग्न १९७२ च्या दुष्काळाआधी झाले की नंतर, आडनाव पूर्वीपासून हेच होते काय, असे विचारावे. दप्तर पुढल्या वर्षीही पाहता येईल. आजी भेटेलच असे नाही.

आडनावाचा प्रश्न तर अवश्य विचारावा. एज्राच्या दुसऱ्या अध्यायात बाबेलाहून परतलेल्या काही याजक घराण्यांची हकीकत आहे. त्यांतील एकाच्या पूर्वजाने बर्जिल्लयाच्या घरची मुलगी करून त्याच घराण्याचे नाव धारण केले होते. पुढे वंशावळीच्या नोंदींत शोध केला तो या घराण्यांची नावे सापडेनात, व त्यांस याजकपणापासून दूर ठेविले. आपल्याकडेही एकच माणूस शाळेत गावावरून पडलेल्या आडनावाने, बाप्तिस्म्याच्या वहीत नव्या नावाने, आणि जमिनीच्या कागदावर केवळ बापाच्या नावासह आढळतो. तिन्ही ठिकाणे पाहावी. शाळेतील जन्मतारीख १ जून असल्यास ती गुरुजींनी अंदाजाने घातली असण्याचा संभव फार.

आता परदेशी संकेतस्थळांविषयी. फॅमिलीसर्च हे मॉर्मन मंडळीचे आहे. १८९४ साली अमेरिकेतील युटा येथे स्थापिलेल्या वंशावळी संस्थेतून ते निघाले. त्याचा उपयोग विनामूल्य होतो. तेथे कोणीही आपला वंशवृक्ष लिहू शकतो. म्हणून मूळ पानाचे चित्र पाहिल्याखेरीज ती ऐकीव गोष्टच समजावी. हयात माणसांच्या जन्मतारखा तेथे आपण होऊन देऊ नयेत. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मे, विवाह व दफन यांच्या नोंदींच्या प्रती आहेत खऱ्या, पण त्या मुख्यत्वे युरोपियनांच्या. खेड्यातील मंडळीची वही तेथे शोधण्यात वेळ दवडू नये. ती मंडळीच्या कपाटात असते, किंवा एखाद्या जुन्या उपदेशकाच्या पेटीत. पाळकांच्या परवानगीने तिच्या पानांची छायाचित्रे घ्यावी, प्रथम मुखपृष्ठाचे व मग अनुक्रमाने प्रत्येक पानाचे, आणि दर चित्राबरोबर मंडळीचे नाव, गाव व तालुका लिहून ठेवावा.