पावसाळ्यानंतर मिरचीचे रोप उन्हात आणताना

भिवंडी तालुक्यातील दापोडे परिसरात जून ते सप्टेंबर पावसाचा जोर मोठा असतो. कुंडीत पाणी साचून मिरचीची मुळे कुजतात, म्हणून शाळेतील कुंड्या त्या काळात पडवीत घ्याव्या लागतात. आश्विनात आकाश निवळले की त्या एकदम अंगणात मांडल्या जातात आणि दोनचार दिवसांत पाने पांढुरकी पडून गळतात. रोप मेले, असे मुले म्हणू लागतात. शिक्षकांनी ते उपटून टाकण्याची घाई करू नये.

सावलीत वाढलेले पान रुंद व पातळ असते. थोड्या प्रकाशावर निर्वाह करण्याची त्याची ती तयारी असते; प्रखर उन्हात त्यातील हरितद्रव्य नष्ट होते. बर्फ पडणाऱ्या देशांत हिवाळाभर घरात जपलेली मिरची वसंतात बाहेर काढतात, तेव्हाही हेच घडते. मिरची मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांनी ती सोळाव्या शतकात भारतात आणली. उष्ण प्रदेशात ती काही वर्षे जगू शकते. एका हंगामानंतर आपणच ती काढून टाकतो, म्हणून तिचे आयुष्य तेवढेच वाटते.

रोप जिवंत आहे की नाही, हे मुलांसमोर पाहावे. खोडाची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवा ओलावा दिसला, तर जीव आहे. शेंडा वाळलेला निघाल्यास खाली बुंध्याकडे पाहत जावे. ही परीक्षा एकाच मुलाने करावी. वर्गातील साऱ्यांची नखे लागली, तर साल उरणार नाही!

जिवंत रोप पुन्हा सावलीत घ्यावे. येथे दयेपोटी पाणी ओतले जाते आणि तेच घातक ठरते. पाने नसलेले रोप पाणी फार थोडे ओढते. बोटाच्या पेराइतकी माती कोरडी लागली, तरच पाणी द्यावे. खत तर मुळीच नको. पहिल्या दिवशी सकाळचे कोवळे ऊन तासभर द्यावे व दहाबारा दिवसांत ते हळूहळू वाढवावे. पडवीत राहिलेल्या कुंड्याही याच क्रमाने बाहेर आणाव्यात. ऊन किती तास दिले आणि कोणत्या पेरावर कोंब दिसला, याची नोंद मुलांनी रोज ठेवावी. गळलेल्या पानाच्या बगलेतून कोंब फुटला, की वरची वाळकी फांदी छाटावी आणि मूठभर कुजलेले शेणखत द्यावे.

नवी पाने मात्र आक्रसून चुरडलेली येऊ लागली, तर तो उन्हाचा दोष नव्हे, बोकड्या रोगाची शंका घ्यावी. असे रोप इतर मिरच्यांपासून तत्काळ दूर करावे.