चवदार तळ्याचा दावा आणि न्यायाधीशांची विचारपद्धती

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हे आपल्या मुलामुलींना पाठ असते. त्याच तळ्यावरून त्याच वर्षी सवर्णांनी त्यांच्यावर दिवाणी दावा गुदरला व तो १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात बाबासाहेबांच्या बाजूने निकाली निघाला, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. न्यायाधीश निर्णयाप्रत कसे पोहोचतात, याचा तो उत्तम पाठ आहे.

वादींचे म्हणणे दुहेरी होते : तळे खाजगी आहे, आणि अस्पृश्यांना तेथे मज्जाव करण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे. तळे नगरपालिकेचे ठरले, तेव्हा पहिला मुद्दा संपला. कस लागला तो दुसऱ्यावर.

रूढीला कायद्याचे बळ हवे असेल तर ती प्राचीन, निश्चित, अखंड आणि वाजवी असावी लागते. ती शाबीत करण्याचा भार तिचा आधार घेणाऱ्यावर असतो. अलीकडे अस्पृश्य तेथे पाणी भरत नसत, एवढे दिसत होते. परंतु कोणी न येणे आणि येण्यास कायद्याने बंदी असणे, या दोन गोष्टी एकच काय? तळ्याभोवती घरे सवर्णांची. नगरपालिकेच्या पूर्वीच्या काळात तेथे कोणी गेल्याचा व त्याला अडविल्याचा पुरावा नव्हता. मग अलीकडच्या परिपाठावरून अनादी हक्काचे अनुमान कसे काढावे? न्या. ब्रूमफील्ड व न्या. वाडिया यांनी रूढी शाबीत झाली नाही असे ठरवून अपील फेटाळले. (१९२२ साली अहमदाबादेत गांधीजींचा राजद्रोहाचा खटला चालविणारे ते हेच ब्रूमफील्ड.)

या निकालपत्रात अस्पृश्यतेचा धिक्कार शोधणाऱ्याची निराशा होईल. रूढी शाबीत झाली असती तर ती अवाजवी वा लोकहितविरोधी आहे काय, याचा विचार करावा लागला असता, एवढे सांगून न्यायालय थांबते. निर्णयास आवश्यक तेवढ्याच प्रश्नाचे उत्तर द्यावे, ही न्यायासनाची शिस्त. तिच्यामुळे प्रतिपक्ष स्वतःच्याच पुराव्याच्या उणिवेवर हरला, आणि असा पराभव सहसा उलटविता येत नाही. पण एखाद्या दुसऱ्या गावच्या तळ्याबाबत पुरावा अधिक भक्कम निघाला असता तर? ती वाट मोकळीच राहिली होती. ती बंद केली संविधानाने : अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव व स्नानघाट यांचा स्पष्ट उल्लेख आला. वहिवाट किती जुनी, हा प्रश्न न्यायाधीशापुढे येण्याचे कारणच त्यानंतर उरले नाही.