फाहियान लेण्याद्रीला आला होता का?

प्रश्न : फाहियान या चिनी प्रवाशाने वर्णन केलेला डोंगरातला पाच मजली विहार म्हणजे आमची लेण्याद्री, असे म्हणता येईल का? – एक वाचक, जुन्नर

उत्तर : नाही म्हणता येणार. फाहियान दख्खनमध्ये आलाच नाही. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला तो उत्तर भारतात फिरत होता; या विहाराची हकिगत त्याने तिकडेच ऐकली. तळमजला हत्तीच्या आकाराचा, त्यावर सिंह, घोडा, बैल आणि माथ्यावर कबूतर. खोल्या खाली ५००, वर १००. वाट बिकट, राजाला नजराणा द्यावा लागतो, म्हणून आपण गेलो नाही, हेही त्यानेच लिहून ठेवले आहे. लेण्याद्रीची तीसेक लेणी कड्यावर ओळीने कोरलेली आहेत. गिरिजात्मज गणपती बसला आहे ते सातवे लेणे एकमजली. आत एकही खांब नाही, तीन बाजूंना भिक्षूंच्या खोल्या. परदेशी माणसाचा माग जुन्नरात काढायचाच, तर शिलालेख वाचा. यवन इरिलाने पाण्याची दोन टाकी दिली, यवन चिटाने भोजनमंडप. ही नावे दगडातच आहेत.

प्रश्न : फाहियानचा इंग्रजी अनुवाद करणारे जेम्स लेग हे पाद्री होते ना? मग त्यांच्यावर भरवसा ठेवावा का? – एक वाचक, मंचर

उत्तर : खुशाल ठेवा. लेग १८१५ मध्ये स्कॉटलंडमधील हंटली गावी जन्मले. लंडन मिशनरी सोसायटीतर्फे १८४० मध्ये मलाक्काला गेले, तिथल्या अँग्लो-चायनीज कॉलेजचे प्रमुख झाले आणि १८४३ पासून हाँगकाँगला राहिले. तिथल्या सरकारी शिक्षणाची घडी बसवण्यात त्यांचा मोठा वाटा. पहाटे तीनला उठून ते कन्फ्यूशियसचे ग्रंथ घेऊन बसत. १८६१ पासून त्या अनुवादांचे खंड निघू लागले. मूळ चिनी वर, इंग्रजी खाली, टिपांचा भरणा. वांग ताओ या चिनी पंडिताची त्यांना मोलाची मदत झाली. चिन्यांच्या प्राचीन ‘शांगदी’त ते आपलाच देव पाहत, म्हणून काही मिशनरी त्यांच्यावर नाराज होते. १८७६ मध्ये ते ऑक्सफर्डचे चिनी भाषेचे पहिले प्राध्यापक झाले. फाहियान १८८६ मध्ये छापला. १८९७ मध्ये वारले.

मला त्यांचा खरा गुण वाटतो तो हा की, ते मूळ मजकूर वाचकासमोर ठेवतात. पटले नाही तर ताडून पाहता येते. पुण्याचे पालीचे अभ्यासक पु. वि. बापट त्याच जातीचे. पालीतला ‘विसुद्धिमग्ग’ आणि चिनी अनुवादातच पूर्ण टिकलेला ‘विमुत्तिमग्ग’ शेजारी ठेवून त्यांनी १९३७ मध्ये तुलना प्रसिद्ध केली. लेगनंतर तीही अवश्य वाचा.