औदुंबराखाली कोण उभं आहे?

प्रश्न : बालकवींच्या ‘औदुंबर’ कवितेत ‘मी’ कुठेच नाही. मग बोलतं कोण? आणि औदुंबर नेमका कशाचं प्रतीक?

उत्तर : ‘मी’ नसला तरी बोलणाऱ्याची जागा कळते. चिमुकलं गाव त्याला पैल टेकडीकडे दिसतं. म्हणजे हा माणूस ऐलतीरी, वस्तीपासून दूर उभा आहे. त्याची नजर कशी सरकते तेही पाहा. आधी हिरवं, निळंसावळं, मग पांढरी पायवाट, आणि तीच वाट काळ्या डोहाशी नेते. आठ ओळींत रंग असे गडद होत जातात आणि झाड येतं ते थेट शेवटच्या ओळीत, तेही पाण्यात पाय सोडून बसलेल्या माणसासारखं. ‘उदास वाटतं’ असं कुणी म्हणत नाही. ते काम रंग करतात.

बालकवी 1918 मध्ये रेल्वेखाली सापडून गेले, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी. म्हणून काळा डोह म्हणजे त्यांचा मृत्यू, असं सांगणारे भेटतात. मला ते पटत नाही. कवितेतला बोलणारा आणि जन्मतारीख असलेला कवी एकच मानला की वाचन चरित्रात अडकतं.

औदुंबर म्हणजे विरक्त योगी, म्हणजे एकटेपण, म्हणजे दत्ताची छाया : यातलं काहीही म्हणा, पण पाण्यातले ते पाय तुमच्या अर्थात बसले पाहिजेत. योग्याच्या अर्थात मला ते थोडे अवघडलेलेच वाटतात; इतका निवांत, पोरासारखा कुठला योगी बसतो?