धातू तोच, वजन तेवढंच. मग बदललं काय?



'धातूंचे गुणधर्म' शिकवताना आपण फळ्यावर यादी लिहितो: चकाकी, तन्यता, वर्धनीयता. मुलांना वाटतं, गुणधर्म कायमचे ठरलेले. मग एखादं मूल विचारतं, "लोहार कोयत्याला पाणी का देतो?" उत्तर धातूच्या आतल्या रचनेत आहे. आज ते टायटॅनियमच्या उदाहरणातून पाहू.

आत काय असतं?

धातू म्हणजे बारीक स्फटिककणांची दाटी. या कणांचा आकार आणि मांडणी म्हणजे सूक्ष्मरचना. शुद्ध टायटॅनियमचे अणू 882 अंश सेल्सिअसपर्यंत एका पद्धतीने रचलेले असतात. तिला अल्फा म्हणतात. त्यापुढे रचना बदलते, ती बीटा. विमानांत खूप वापरलं जाणारं संमिश्र असं असतं: 6 टक्के ॲल्युमिनियम, 4 टक्के व्हॅनेडियम, बाकी टायटॅनियम. त्यात एरवी दोन्ही रचना एकत्र असतात. सुमारे 995 अंशांवर मात्र सगळी बीटा होते.

घडाईनंतरच्या तीन वाटा

तापलेला गोळा दाबून घडवला की कण चेपतात, लांबट होतात, आत ताण साठतो. मग हीट ट्रीटमेंट करतात.

1. 995 च्या खाली, पण 900 च्या पुढे काही तास ठेवलं, तर चेपलेल्या पट्ट्या तुटून गोलसर कण बनतात. तन्यता वाढते, तडा लवकर सुरू होत नाही.
2. 995 च्या वर नेऊन सावकाश थंड केलं, तर बीटाचे कण मोठे होतात आणि त्यांत अल्फाच्या पट्ट्या तयार होतात. तन्यता घटते, पण पडलेला तडा वाकडातिकडा, हळू सरकतो.
3. वर नेऊन एकदम पाण्यात बुडवलं, तर अणूंना जागा बदलायला वेळच मिळत नाही. सुईसारखी बारीक रचना होते. धातू कठीण, पण कमी तन्य.

तिन्ही वेळा घटक तेच, प्रमाण तेच!

याने एवढा काय फरक पडतो?

30 सप्टेंबर 2017 रोजी एअर फ्रान्सचं पॅरिसहून लॉस एंजेलिसला निघालेलं ए380 विमान ग्रीनलँडवरून जात होतं. एका इंजिनाचा पुढचा पंखा तुटून पडला. विमानात 521 माणसं होती. कॅनडातल्या गूज बे इथे सगळी सुखरूप उतरली. पुढे बर्फातून तुकडा शोधून तपासला. पंख्याचा मधला भाग याच संमिश्राचा होता. एकाच दिशेने रचलेल्या कणांचा मोठा गट आत राहिला होता आणि तडा तिथून सुरू झाला होता. असे गट नुसतं तापवून सहज मोडत नाहीत. घडाईतच पुरेसे मोडावे लागतात. म्हणून घडाई आणि हीट ट्रीटमेंट, दोन्ही नीट लागतात.

वर्गात करून पाहा

तांब्याची जाड, उघडी तार आठ-दहा वेळा वाकवायला द्या. ती ताठ होत जाते. मग शिक्षकांनीच पकडीने धरून ती गॅसवर लाल होईपर्यंत तापवावी. पूर्ण थंड झाल्यावर मुलांना पुन्हा वाकवू द्या. आता सहज वाकते! वाकवल्याने साठलेला ताण गेला आणि आत नवे कण तयार झाले.

शेवटी विचारा: तारेत आपण काही मिसळलं का? काही काढलं का? मग बदललं काय? उत्तर मुलांनाच शोधू द्या.