चीनमधील इंग्रजी माध्यमाचे विधी शिक्षण : निवडीपूर्वी काय पाहावे ?

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सुरू झाले. तोवर अंबड वा परतूरच्या पक्षकाराला अपिलासाठी मुंबई गाठावी लागत असे. उच्च न्यायालय एका दिवसाच्या अंतरावर आले आणि मराठवाड्यातील तरुणांना वकिली व्यवसाय आवाक्यात आल्यासारखा वाटू लागला. पुढे २०१७ मध्ये त्याच शहरात महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठाचे वर्ग भरू लागले. आता या भागातील विधी पदवीधर पदव्युत्तर शिक्षणासाठी परदेशाचाही विचार करतात. इंग्लंड-अमेरिकेचा खर्च ज्यांना झेपत नाही, त्यांच्यासमोर चीनमधील इंग्रजी माध्यमाच्या एलएल.एम. अभ्यासक्रमाचा पर्याय येतो. सल्ला मात्र प्रथम विचारला जातो तो गावातील शिक्षकाला, नाहीतर सरपंचाला. म्हणून या विषयाची माहिती त्यांच्यापाशी असणे अगत्याचे आहे.

चीनचा कायदा जालन्याच्या विद्यार्थ्याने कशासाठी शिकावा, हा प्रश्न कोणीही विचारील आणि तो रास्तही आहे. 'जालना सोने का पालना' ही म्हण जुन्या व्यापारपेठेची आहे. आजचा जालना बियाणे आणि पोलाद या दोन उद्योगांवर उभा आहे. या दोन्ही क्षेत्रांत चीनचा संबंध टाळता येत नाही. पोलादाच्या आयातीवर लावण्यात येणारे मूल्यपातविरोधी शुल्क, यंत्रसामग्रीच्या खरेदीचे करार आणि त्यांतून उद्‌भवणारे तंटे हे सारे कायद्याचे विषय आहेत. चिनी न्यायालयाचा निवाडा आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४ क खाली भारतात थेट बजावता येत नाही, कारण त्या कलमासाठी चीन हा अधिसूचित प्रदेश नाही. लवादाच्या निवाड्याची गोष्ट निराळी आहे. १९५८ च्या न्यूयॉर्क कराराच्या अंमलासाठी भारत सरकारने २०१२ मध्ये चीनला अधिसूचित केले. त्यामुळे चिनी पुरवठादाराशी करार करताना त्यात लवादाचे कलम आहे की नाही, आणि असल्यास लवाद कोठे बसणार, या दोन ओळींवर संपूर्ण वसुली अवलंबून राहू शकते. हे नेमके जाणणारा वकील आपल्या औद्योगिक वसाहतींना हवाच आहे.

बियाण्यांच्या बाबतीत तर हा अभ्यास अधिकच उद्‌बोधक ठरतो. आपल्या २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियमाने शेतकऱ्याला आपल्या शेतातील बी राखण्याचा, पेरण्याचा व देवाणघेवाण करण्याचा हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचे बी छापील नाममुद्रेखाली विकण्याची मुभा तेवढी त्याला नाही. चीनने १९९९ मध्ये नव्या वाणांच्या संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराचा १९७८ चा मसुदा स्वीकारला. पुढे आपल्या बियाणे कायद्यात दुरुस्ती करून मूळ वाणापासून थोड्याशा फरकाने निपजविलेल्या वाणांवरही त्याने मूळ पैदासकाराचा हक्क मान्य केला. ही दुरुस्ती मार्च २०२२ पासून अंमलात आहे. भारत त्या कराराचा सदस्य नाही. दोन मोठ्या कृषिप्रधान देशांनी एकाच प्रश्नाला दिलेल्या या दोन उत्तरांचा तौलनिक अभ्यास जालन्याच्या विद्यार्थ्याने केला नाही, तर तो कोणी करावा ?

पंचायत सदस्यांना आणखी एक गोष्ट नवलाची वाटेल. चीनच्या राज्यघटनेप्रमाणे शहरी जमीन राज्याची आणि ग्रामीण जमीन गावाच्या सामूहिक मालकीची असते. शेतकऱ्याला मिळतो तो मुदतीचा कसण्याचा हक्क. आपल्याकडील सातबाऱ्यावर नाव असलेल्या भोगवटादारास जे स्थान आहे, ते तेथे नाही. २०२० मध्ये संमत होऊन १ जानेवारी २०२१ पासून अंमलात आलेल्या १२६० कलमांच्या चिनी दिवाणी संहितेत या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण आहे.

आता अभ्यासक्रमांकडे वळू. बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठात चिनी कायद्याचा इंग्रजी माध्यमातील एलएल.एम. अभ्यासक्रम २००५ पासून आहे. पेकिंग विद्यापीठ, शांघायचे फुदान व चियाओ थुंग विद्यापीठ, वूहान विद्यापीठ, तसेच बीजिंगचे राज्यशास्त्र व विधी विद्यापीठ येथेही असे अभ्यासक्रम चालविले जातात. कोठे भर व्यापारी कायद्यावर असतो, कोठे आंतरराष्ट्रीय कायद्यावर. पेकिंग विद्यापीठाने २००८ मध्ये शेंझेन येथे काढलेली विधी शाळा या सर्वांहून वेगळी आहे, कारण तेथे अमेरिकन पद्धतीचा कायदा इंग्रजीतून शिकविला जातो. परंतु अमेरिकन बार असोसिएशनने परदेशातील विधी शाळांना मान्यता न देण्याचे २०१२ मध्ये ठरविले. त्यामुळे तेथील पदवीने अमेरिकेतील वकिलीचे दार आपोआप उघडते असे समजू नये.

हाँगकाँग आणि मकाव यांचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. १९९७ नंतरही हाँगकाँगमध्ये इंग्रजी कॉमन लॉ चालू असून इंग्रजी ही न्यायालयाची भाषा आहे. आपला करार कायदा, पुरावा कायदा व पूर्वनिर्णयांची परंपरा ज्या मुळातून आली, तेच मूळ तेथेही असल्याने भारतीय विद्यार्थ्याला तेथील वर्गात परके वाटत नाही. मात्र खर्च मुख्य भूमीच्या कितीतरी पट अधिक येतो. मकावचा कायदा पोर्तुगीज परंपरेचा आहे. आपल्या शेजारच्या गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतील कौटुंबिक कायद्याचा वारसा अद्याप टिकून असल्यामुळे गोव्यातील अभ्यासकाला त्यात विशेष रस वाटावा. जालन्याच्या विद्यार्थ्याने मात्र केवळ कुतूहलापोटी तिकडे जाऊ नये.

निवडीतील खरा धोका पुढेच आहे. भारतात सनद मिळण्याचा मार्ग अधिवक्ता अधिनियम, १९६१ मधून जातो आणि त्यासाठी बार कौन्सिल ऑफ इंडियाने मान्य केलेली एलएल.बी. ही पदवी लागते. एलएल.एम. मुळे सनद मिळत नाही, मग ती पदवी बीजिंगची असो वा लंडनची. चीनमधील काही अभ्यासक्रमांना कोणत्याही शाखेचा पदवीधर प्रवेश घेऊ शकतो. बी.ए. किंवा बी.कॉम. झालेला मुलगा 'कायद्याची परदेशी मास्टर्स पदवी' या शब्दांना भुलून जातो, दोन वर्षे घालवितो आणि परत आल्यावर तालुक्याच्या न्यायालयातही त्याला उभे राहता येत नाही. कर्ज मात्र फेडावे लागते. प्रवेश मिळवून देणाऱ्या मध्यस्थांच्या रंगीत पत्रकांत ही गोष्ट लिहिलेली नसते. तेव्हा शिक्षकांनी पहिला प्रश्न हाच विचारावा : एलएल.बी. झाले आहे काय ?

झाले असले तरी दुसरा प्रश्न उरतो. बार कौन्सिलने केलेले पदव्युत्तर विधी शिक्षणाचे नियम जानेवारी २०२१ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध झाले. त्यांत परदेशातील एक वर्षाची एलएल.एम. भारतीय एलएल.एम. शी समकक्ष नाही असे म्हटले आहे. या नियमांना सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. ज्याला परत येऊन विधी महाविद्यालयात अधिव्याख्याता व्हायचे आहे, त्याने प्रवेशाचे शुल्क भरण्यापूर्वी समकक्षतेबाबत बार कौन्सिलकडून लेखी उत्तर मागवावे. तोंडी आश्वासन, मग ते कितीही मोठ्या माणसाचे असो, नियुक्तीच्या वेळी उपयोगी पडत नाही. चीनमध्येच वकिली करू, हा विचारही व्यवहार्य नाही. तेथील विधी व्यवसायाची राष्ट्रीय परीक्षा परदेशी नागरिकांना देता येत नाही, आणि परदेशी विधी कचेऱ्यांनाही चिनी कायद्यावर अधिकृत मत देण्याची मुभा नाही. या पदवीचा उपयोग होतो तो भारतात सनद असलेल्या आणि व्यापार, लवाद किंवा बौद्धिक संपदा यांपैकी एका क्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्या वकिलाला, तसेच संशोधकाला. इतरांनी आपल्याच विद्यापीठातील एलएल.एम. करावी, त्यात काही कमीपणा नाही.

भाषेसंबंधी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. वर्ग इंग्रजीत चालतो याचा अर्थ कायदा इंग्रजीत आहे असा होत नाही. संहिता, न्यायनिवाडे, नोंदणीची कागदपत्रे ही सर्व चिनी भाषेत असतात, आणि इंग्रजी भाषांतराला न्यायालयात अधिकृत स्थान नसते. केवळ भाषांतरावर विसंबून कायदा शिकणारा विद्यार्थी दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहत असतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. त्यांनी तेथील भाषा आत्मसात केली, त्या भाषेत रुग्णांशी आणि विद्यार्थ्यांशी ते बोलू लागले. डिसेंबर १९४२ मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते निवर्तले तेव्हा चिनी लोकांनी त्यांना आपले मानले होते, त्यात भाषेचा वाटा मोठा होता. वसंत वासुदेव परांजपे हे १९४७ मध्ये विद्यार्थी म्हणून चीनला गेले, आणि १९५४ मध्ये पंडित नेहरू व माओ त्से-तुंग यांच्या भेटीच्या वेळी दुभाषी म्हणून त्यांनी काम केले. एका मराठी विद्यार्थ्याच्या भाषाभ्यासाचे हे फळ होते. म्हणून ज्या अभ्यासक्रमात चिनी भाषेचे शिक्षण सक्तीचे आहे, तो अवघड म्हणून टाळू नये. उलट तोच पसंत करावा. ज्याच्या माहितीपुस्तिकेत भाषेचा उल्लेखच नाही, त्याविषयी शंका घ्यावी.

खर्चाचा विचार करताना प्रथम शिष्यवृत्त्या पाहाव्यात. चीन सरकारच्या शिष्यवृत्तीत शिक्षणशुल्क व वसतिगृह यांखेरीज पदव्युत्तर विद्यार्थ्याला दरमहा ३००० युआन निर्वाहभत्ता मिळतो. पदव्युत्तर अभ्यासासाठी वयोमर्यादा ३५ वर्षांची आहे. अर्ज साधारणतः जानेवारी ते एप्रिल या काळात करावे लागतात. आपल्याकडील विद्यापीठाचे निकाल लागल्यावर जागे होणाऱ्याचे वर्ष वाया जाते. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून असून तिच्यात ७५ जागा आहेत. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे, आणि तिच्यात भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्या मुलांचाही समावेश होतो, ही बाब ग्रामीण भागात फारशी ठाऊक नाही. दोन्ही योजनांत विद्यापीठाचा जागतिक क्रमवारीतील क्रमांक पाहिला जातो. येथे एक मेख आहे. केवळ कायदाच शिकविणारी विद्यापीठे आपल्या विषयात कितीही नामवंत असली तरी सर्वसाधारण क्रमवारीत वर दिसत नाहीत. त्यामुळे शिष्यवृत्तीवर जाणाऱ्याने अगोदर त्या वर्षीची जाहिरात वाचावी आणि मग विद्यापीठ निवडावे. हा क्रम उलटा झाला की निराशा पदरी येते.

शिष्यवृत्तीच्या मुदतीचे गांभीर्य किती, हे बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रातून दिसते. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले व १९१६ मध्ये लंडनला ग्रेज इनमध्ये दाखल झाले. पण शिष्यवृत्तीची मुदत सरताच १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. स्वतःची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा गेले, तेव्हा शिक्षण पुरे झाले. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला एका वर्षाची शिष्यवृत्ती मिळत असेल, तर दुसऱ्या वर्षाचा पैसा निघण्यापूर्वीच डोळ्यांसमोर असला पाहिजे.

बँकेच्या शैक्षणिक कर्जात सर्वसाधारणपणे ४ लाख रुपयांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत त्रयस्थ हमीदार चालतो, आणि त्यापुढे स्थावर तारण मागितले जाते. शेतजमिनीच्या तारणाची जलद वसुली कायद्याने होत नसल्यामुळे अनेक बँका ती स्वीकारण्यास राजी नसतात. अशा वेळी घनसावंगीचा मोसंबी बागाईतदार गावातील राहते घर गहाण टाकण्यास किंवा खाजगी सावकाराकडे जाण्यास निघतो. एलएल.एम. साठी एवढे धाडस करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

२०२० चा अनुभवही विसरता येत नाही. साथीमुळे चीनने व्हिसा देणे थांबविले. सुमारे तेवीस हजार भारतीय विद्यार्थी, त्यांतील बहुसंख्य वैद्यकीय शाखेचे, घरी अडकून पडले, आणि विद्यार्थी व्हिसा पुन्हा सुरू होण्यास ऑगस्ट २०२२ उजाडला. दरम्यान विद्यापीठ अनुदान आयोगाने मार्च २०२२ मध्ये सूचना काढून, पूर्वपरवानगीवाचून केवळ ऑनलाइन पद्धतीने मिळविलेल्या पदव्या मान्य होणार नाहीत, हे विद्यार्थ्यांच्या निदर्शनास आणले. दोन्ही देशांतील थेट विमानसेवा तर ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा चालू झाली. तेव्हा अभ्यास खंडित झाल्यास शुल्क परत मिळेल काय, अभ्यासक्रमाचा किती भाग प्रत्यक्ष हजेरीने पुरा करावा लागेल आणि प्रबंध कोणत्या भाषेत द्यावा लागेल, हे विद्यापीठाला पत्राने विचारून उत्तर जपून ठेवावे.

उत्पन्नाचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र यांना लागणारा वेळ सर्वांना परिचित आहे. जातवैधतेचे प्रकरण तर बारावीनंतरच मार्गी लावलेले बरे. पारपत्रावरील नाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील नाव आणि पदवीवरील नाव यांत एका अक्षराचाही फरक असेल तर तो शाळेच्या मुख्याध्यापकांनी विद्यार्थी गावात असतानाच दुरुस्त करून द्यावा. बीजिंगमधून भोकरदनला अर्ज पाठवून ते काम होत नाही.